संदर्भाची परीक्षा : ऑनलाइन ज्ञानकोश आणि विश्वसनीयतेची साधने

१

मराठी संशोधनपरंपरेत तळटीपेचा स्वतंत्र विचार फारसा झालेला नाही. तळटीप हा विद्वत्तेच्या शिष्टाचाराचा भाग मानला गेला आणि तिची तपासणी परीक्षकाच्या विवेकावर सोपवण्यात आली. याचे कारण उघड आहे. छापील ग्रंथाच्या बाबतीत विश्वसनीयतेचा मुख्य भार तळटीपेवर नसून ग्रंथकर्त्यावर असे. श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या २३ खंडांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशामागे संपादकाचे प्रखर व्यक्तिमत्त्व उभे आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली १९७६ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या मराठी विश्वकोशात नोंदीखाली लेखकाचे नाव येते आणि महत्त्वाच्या नोंदींना संदर्भग्रंथांची यादी जोडलेली असते. दोन्ही ठिकाणी चूक आढळली तर ती कोणाची, हे विचारता येते.

विकिपीडियासारख्या ऑनलाइन ज्ञानकोशाने ही व्यवस्था मुळापासून बदलली. २००१ मध्ये इंग्रजीत आणि २००३ च्या मे महिन्यात मराठीत सुरू झालेल्या या कोशात नोंद कोणीही लिहू शकतो, कोणीही बदलू शकतो. लेखकाची जागा रिकामी झाल्यामुळे त्याच्या अधिकाराचे ओझे तळटीपेवर येऊन पडले. विधान कोणी केले याला येथे महत्त्व नाही. ते कशाच्या आधारे केले, याला आहे. आधार नसलेल्या विधानापुढे ‘संदर्भ हवा’ असा शेरा मारण्याची पद्धत याच तत्त्वातून आली. साहजिकच संदर्भांची संख्या अफाट वाढली, ते सर्व माणसांनी तपासणे अशक्य झाले आणि तपासणीची यांत्रिक साधने निर्माण झाली.

ही साधने नेमके काय तपासतात आणि काय तपासल्याचा केवळ भास निर्माण करतात, हा येथील विवेचनाचा विषय आहे. प्रश्न तांत्रिक दिसला तरी तो मूलतः समीक्षेचाच आहे, कारण संदर्भ म्हणजे दोन पाठांमधील संबंध होय. ‘या पाठातील हे विधान त्या पाठातून निष्पन्न होते’ असा दावा प्रत्येक तळटीप करीत असते. हा दावा तपासणे म्हणजे वाचन करणे. यंत्राला हे वाचन कितपत साधते आणि मराठीसारख्या भाषेत ते कोठे अडते, हे पाहिल्याशिवाय या साधनांचे निकाल स्वीकारणे किंवा नाकारणे सारखेच अविचाराचे ठरेल.

२

उपलब्ध साधनांचे ढोबळमानाने तीन वर्ग करता येतात.

पहिल्या वर्गातील साधने संदर्भ जिवंत आहे की नाही एवढेच पाहतात. दिलेला दुवा उघडत नसेल तर ती त्या पानाची जतन केलेली प्रत शोधून जोडतात. ‘इंटरनेट आर्काइव्ह बॉट’ हे यांपैकी प्रसिद्ध साधन. त्याची उपयुक्तता निर्विवाद आहे. मात्र उघडणाऱ्या पानावर ते विधान आहे की नाही, याविषयी ते काहीही सांगत नाही आणि तसा त्याचा दावाही नाही.

दुसऱ्या वर्गातील साधने स्रोताची प्रतवारी करतात. कोणते वृत्तपत्र, कोणते प्रकाशन, कोणते संकेतस्थळ सामान्यतः विश्वसनीय मानावे याची सूची इंग्रजी विकिपीडियाच्या संपादकांनी दीर्घ चर्चांतून तयार केली आहे. ‘साइट अनसीन’सारखे साधन अशा माहितीच्या आधारे प्रत्येक संदर्भापुढे एक चिन्ह उमटवते. पैसे घेऊन काहीही छापणारी शोधपत्रिका, सरकारी मुखपत्र, वाचकांनीच मजकूर भरलेले संकेतस्थळ अशा जाती त्यातून लगेच ओळखता येतात.

तिसरा वर्ग अलीकडचा आणि सर्वांत महत्त्वाकांक्षी आहे. तो विधान आणि स्रोत यांची प्रत्यक्ष तुलना करू पाहतो. कोणत्या वाक्याला संदर्भाची गरज आहे हे यंत्राने ओळखावे, असा प्रयत्न २०१९ मध्ये झाला. २०२३ मध्ये ‘साइड’ या प्रणालीची माहिती प्रसिद्ध झाली. ही प्रणाली विधानाशी जुळत नसलेला संदर्भ हेरते आणि सुमारे १३ कोटी ४० लाख पानांच्या संग्रहातून पर्यायी आधार सुचवते. तिने सर्वाधिक संशयास्पद ठरवलेल्या दहा टक्के संदर्भांच्या बाबतीत परीक्षकांनी ७० टक्के वेळा मूळ संदर्भापेक्षा तिने सुचवलेला पर्याय पसंत केला. हे यश लहान नव्हे. परंतु हा प्रयोग इंग्रजी विकिपीडियावरचा आहे आणि ज्या पाठावर ही प्रणाली विसंबते तो महाजालावर उपलब्ध असलेला पाठ आहे, या दोन गोष्टी विसरून चालणार नाही.

भारतीय ज्ञानमीमांसेच्या परिभाषेत बोलायचे तर दुसरा वर्ग आप्तत्वाची परीक्षा करतो. नैयायिकांनी शब्दप्रमाणाची भिस्त आप्तावर, म्हणजे विषय यथार्थ जाणणाऱ्या आणि तो तसाच सांगू इच्छिणाऱ्या व्यक्तीवर ठेवली. या कल्पनेत आप्तत्व विषयसापेक्ष आहे. वैद्यकात आप्त असलेला पुरुष व्याकरणात आप्त असेलच असे नाही. प्रतवारीच्या सूचीत ही सापेक्षता बरीचशी हरवते. एखादे दैनिक कालच्या अपघाताच्या बातमीसाठी आप्त असेल. पण त्याच दैनिकाच्या पुरवणीत आलेली गावाच्या नावाची व्युत्पत्ती स्वीकारण्यास तेवढे कारण पुरेसे नाही. चिन्ह मात्र दोन्ही ठिकाणी एकच उमटते.

३

या साधनांची कसोटी मोठ्या विषयावरच्या समृद्ध नोंदीपेक्षा एखाद्या गावाच्या लहान नोंदीवर अधिक चांगली लागते. बारामती-इंदापूर परिसरातील पिंपळी हे गाव उदाहरणादाखल घेता येईल. पुणे जिल्ह्यातील अशा गावाविषयी ज्ञानकोशात काय असू शकते? तालुका, क्षेत्रफळ, लोकसंख्या, शेजारची गावे. मराठी विकिपीडियावरील अनेक गावांच्या नोंदी अशाच एका साच्यातून निघाल्या आहेत. हवामानाची तीच वाक्ये गावामागून गावाच्या नोंदीत भेटतात आणि शेवटी संकेतस्थळांची तीच यादी येते. यादीतील काही दुवे शासकीय असतात. पहिल्या दोन वर्गांतील साधने अशी यादी बिनदिक्कत मान्य करतील, कारण दुवा उघडतो आणि स्रोत शासकीय आहे. परंतु यादीतील कोणता स्रोत कोणत्या वाक्याला आधार देतो, हे नोंद सांगत नाही. संदर्भ आहेत, पण ते कशाचे, हे अनुत्तरित राहते. अशा यादीला संदर्भाचा वेश म्हणता येईल, संदर्भ म्हणता येणार नाही.

दुसरी अडचण नावाची. पिंपळ या वृक्षावरून पडलेली ग्रामनामे महाराष्ट्रात पदोपदी आढळतात. पिंपळी, पिंपळे, पिंपळगाव, पिंपरी अशी त्यांची रूपे आहेत आणि खुर्द-बुद्रुक जोडून त्यांचे आणखी भेद होतात. चिपळूण तालुक्यातही पिंपळी खुर्द आणि पिंपळी बुद्रुक आहेत. पुणे जिल्ह्यापुरते बोलायचे तर हॅरल्ड मान यांचे ‘लँड अँड लेबर इन अ डेक्कन व्हिलेज’ हे १९१७ चे प्रसिद्ध सर्वेक्षण हवेली तालुक्यातील पिंपळे सौदागरचे आहे. दख्खनी खेड्याच्या अर्थव्यवस्थेचा हा आद्य अभ्यास होय आणि कोणत्याही प्रतवारीत तो वरच्या श्रेणीत बसेल. समजा, नामसादृश्याने एखाद्या संपादकाने त्यातील जमीनधारणेची माहिती बारामतीजवळच्या पिंपळीच्या नोंदीत घातली आणि तळटीपेत मान यांचे नाव दिले. स्रोत निर्दोष, जिल्हा तोच, ग्रामनाम जवळजवळ तेच. रोमन लिपीत तर हे अंतर आणखी कमी होते. अशा वेळी सादृश्यावर चालणारे यंत्र फसण्याचीच शक्यता अधिक. पिंपळे सौदागर आज पिंपरी-चिंचवड महानगराचा भाग आहे आणि बारामती तेथून दूर आहे, हे जाणणारा वाचक एका दृष्टिक्षेपात थांबेल.

तिसरी अडचण प्रशासकीय इतिहासाची. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा पुणे जिल्ह्यावरील अठरावा खंड १८८५ मध्ये तीन भागांत निघाला. त्या काळी बारामतीचा समावेश भीमथडी तालुक्यात होत असे. ‘बारामती तालुका’ हे शब्द घेऊन शोधणाऱ्या साधनाला तेथे काही सापडणार नाही आणि न सापडणे हे त्याच्या लेखी संदर्भ खोटा असल्याचे चिन्ह ठरेल. लेखनपद्धतीचाही असाच अडसर आहे. १९६२ च्या शुद्धलेखन-नियमांपूर्वीच्या ग्रंथांत ‘गाव’ हा शब्द ‘गांव’ असा आणि ‘काही’ हा ‘कांहीं’ असा छापलेला असतो. अनुस्वारांच्या या दाटीत अक्षरओळखीची यंत्रणा आधीच चाचपडते. वर शब्दशः जुळणीचा आग्रह धरला तर जुने मराठी गद्य जवळजवळ सर्वच अदृश्य होते.

४

काळाच्या बाबतीत गुंतागुंत अधिक वाढते. छापील कोश संकेतस्थळावर आला की त्याचे वय पडद्यावरून नाहीसे होते. केतकरांच्या कोशातील लोकसंख्येचा आकडा आणि आजचा आकडा एकाच टंकात, एकाच उजेडात दिसतात. विश्वकोशाने यावर साधा आणि उत्तम उपाय योजला होता. गावांच्या नोंदींत लोकसंख्येपुढे कंसात जनगणनेचे वर्ष येते. त्या कंसामुळे विधान जुने झाले तरी खोटे होत नाही. कोणत्याही यंत्रापूर्वी संपादकाने दिलेले हे विश्वसनीयतेचे साधनच होते.

जुना स्रोत आणि बाद झालेला स्रोत यांतील भेद मात्र कंसाने उलगडत नाही. त्यासाठी विषयाचा इतिहास ठाऊक असावा लागतो. शिवजन्मतिथीचा वाद हे याचे सर्वपरिचित उदाहरण. ग्रँट डफच्या १८२६ च्या इतिहासात शिवाजी महाराजांचा जन्म १६२७ मध्ये दिला आहे. डफ हा मराठ्यांच्या इतिहासाचा पायाभूत ग्रंथकार; त्याच्या पुढे अनेक मान्यवर लेखकांनी तेच वर्ष गिरवले. १९१६ मध्ये लोकमान्य टिळकांनी प्रसिद्धीस आणलेल्या जेधे शकावलीत शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया ही तिथी मिळाली. शिवभारताचा तिला दुजोरा आहे. महाराष्ट्र शासनाने २००१ मध्ये १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली. आता १६२७ या वर्षाला डफचा आधार देणारी तळटीप घ्या. स्रोत प्रतिष्ठित आहे, विधान त्यात शब्दशः आहे, दुवा उघडतो. तिन्ही वर्गांची साधने तिला उत्तीर्ण करतील. आणि तरीही नोंद वाचकाची दिशाभूल करील.

याच तिथीत आणखी एक धडा आहे. शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो, असा ढोबळ नियम सर्वांना पाठ असतो. त्याने शके १५५१ म्हणजे १६२९ येतो. शकवर्ष चैत्रात सुरू होते आणि फाल्गुनात संपते. त्यामुळे त्याच्या अखेरच्या महिन्यांसाठी ७९ मिळवावे लागतात आणि उत्तर १६३० येते. शकावलीचा हवाला देऊन १६३० लिहिणारा संपादक बरोबर असूनही ठोकताळ्याने चालणाऱ्या साधनाला चुकलेला दिसेल. मराठीतील कागदपत्रे, बखरी, पोथ्यांच्या पुष्पिका आणि एकोणिसाव्या शतकातील कित्येक मुद्रित ग्रंथ शकातच काळ सांगतात, हे लक्षात घेतले म्हणजे या किरकोळ वाटणाऱ्या बाबीचा विस्तार कळतो.

इंदापूरच्या संदर्भात असाच पेच मालोजीराजे भोसले यांच्या मृत्यूचा आहे. इंदापूरच्या लढाईत ते पडले याविषयी एकवाक्यता असली तरी काही ग्रंथ ही घटना १६०५-०६ च्या सुमारास ठेवतात, तर काही १६२० नंतर. दोन्ही बाजूंना छापील आधार मिळतात, म्हणजे कोणतेही वर्ष लिहिले तरी त्याला अनुकूल तळटीप सापडतेच. साधनाचा प्रश्न असतो, ‘या विधानाला आधार आहे का?’ अभ्यासकाचा प्रश्न त्याहून पुढचा असतो : ‘या विधानाविरुद्ध काय आहे?’ आधार शोधण्यासाठी घडवलेल्या यंत्राकडून विरोध शोधला जात नाही, आणि इतिहासाच्या क्षेत्रात प्रतिकूल पुरावा लपवणारी खरी तळटीप खोट्या तळटीपेइतकीच घातक असते. वि. का. राजवाड्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करताना अस्सल कागदांचा जो आग्रह धरला, त्याचे मर्म कागदाच्या जुनेपणात नव्हते. परस्परविरोधी पुरावे समोरासमोर ठेवून त्यांचे तारतम्य ठरवावे, हा त्यामागील दंडक होता.

५

साहित्यविषयक नोंदींकडे वळल्यावर प्रश्नाचे स्वरूप आणखी पालटते. बारामती ही मोरोपंतांची कर्मभूमी. १७२९ मध्ये पन्हाळ्यावर जन्मलेल्या या पंडितकवीचे उत्तरायुष्य बारामतीत गेले आणि १७९४ मध्ये तेथेच त्यांचा अंत झाला. ‘मोरोपंतांनी १०८ रामायणे रचली’ हे वाक्य शालेय पुस्तकापासून ज्ञानकोशापर्यंत सर्वत्र भेटते. याला आधार शेकड्यांनी मिळतील. पण या एका वाक्यात निदान तीन विधाने दडली आहेत : परंपरा तशी संख्या सांगते, तितकी रामायणे उपलब्ध आहेत, ती सर्व एकाच हातची आहेत. पहिल्याला कोणतेही जुने चरित्र पुरेसे आहे. दुसऱ्यासाठी मुद्रित आवृत्त्या आणि हस्तलिखितांची मोजदाद लागेल. तिसऱ्यासाठी पाठचिकित्सा लागेल. १०८ ही मंगल संख्या असल्याने परंपरेला तिचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे, हेही ध्यानात ठेवावे लागेल. ल. रा. पांगारकरांच्या १९०८ च्या मोरोपंत-चरित्राचा हवाला यांपैकी कोणत्या विधानासाठी दिला आहे, यावर तो पुरेसा की अपुरा हे ठरेल. स्रोत तोच राहून विश्वसनीयता बदलते, ती अशी. म्हणून विश्वसनीयता हा स्रोताचा अंगभूत गुणधर्म नव्हे. विधान आणि स्रोत यांच्या नात्याचा तो गुणधर्म आहे. प्रतवारीच्या साधनांची मूलभूत मर्यादा येथे उघड होते.

आधुनिक साहित्याच्या बाबतीत ही मर्यादा अन्यायकारकही ठरू शकते. साठोत्तरी मराठी साहित्याचा इतिहास ज्या लघुनियतकालिकांत घडला, त्या ‘शब्द’, ‘असो’, ‘वाचा’ यांच्या अंकांना ना नियमित कालावधी होता, ना आज सहज उघडणारा दुवा आहे. दलित साहित्याच्या उभारणीत ‘अस्मितादर्श’चे स्थान केंद्रवर्ती आहे, परंतु त्यातील लेखाचा हवाला देणारी तळटीप यंत्राच्या दृष्टीने एक अपरीक्षित अक्षरमाला असते. त्या लेखातून उतरवलेली आणि तपशिलात घसरलेली एखादी वृत्तपत्रीय बातमी मात्र दुव्यासह हजर असते आणि अधिक गुण मिळवते. युनिकोड रूढ होण्यापूर्वीची मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळे निरनिराळ्या फाँटांवर चालत. त्यांतील जतन झालेला मजकूरही आज निरर्थक रोमन चिन्हांच्या रूपात उघडतो. परिणामी मराठीत एक विलक्षण उलटापालट होते. जो आधार मुळाच्या जितका जवळ, तितका तो साधनाला कमी दिसतो; जो जितका दूरचा आणि उतरवलेला, तितका अधिक ठळक दिसतो.

यावर असा आक्षेप घेता येईल की, हा दोष साधनांचा नसून मराठी ग्रंथव्यवहाराचा आहे. ग्रंथांचे संगणकीकरण झाले, जुने अंक शोधता येतील अशा रूपात आले, की अडचण आपोआप मिटेल. आक्षेपात तथ्य आहे. आवृत्तीचे वर्ष न छापणारे प्रकाशक, पृष्ठांकाशिवाय अवतरणे देणारे प्रबंध आणि सूची नसलेले ग्रंथ ही आपलीच देणगी आहे. यंत्राला दोष देऊन ती झाकता येणार नाही. तथापि डफ, मालोजीराजे आणि १०८ रामायणे यांची उदाहरणे संगणकीकरणाने सुटणारी नाहीत. तेथे पाठ उपलब्ध आहे. उणीव आहे ती तारतम्याची.

६

या प्रश्नाला एक तातडीही आहे. ज्ञानकोशातून वृत्तपत्रात आणि वृत्तपत्रातून पुन्हा तळटीप बनून ज्ञानकोशात येणारे विधान स्वतःलाच साक्षीदार नेमते. २०११ मध्ये रँडल मन्रो या व्यंगचित्रकाराने या चक्राला इंग्रजीत एक नावच दिले. मराठीत त्यास संदर्भचक्र म्हणता येईल. दक्षिण अमेरिकेतील कोआटी या प्राण्याला ‘ब्राझिलियन आर्डवार्क’ म्हणतात, ही थाप २००८ मध्ये इंग्रजी विकिपीडियात घालण्यात आली आणि पुढील काही वर्षांत ती वृत्तपत्रांत व पुस्तकांत शिरली. इंग्रजीत ती अखेर उघडकीस आली, कारण तेथे तपासणारे पुष्कळ आहेत. मराठीत एखाद्या गावाविषयी किंवा विस्मृत कवीविषयी असे घडले तर ते लक्षात येण्याचा संभव किती? त्यात आता भाषेची यांत्रिक प्रारूपे याच कोशांवर शिकत आहेत. मराठीचा महाजालावरील साठा आधीच तुटपुंजा असल्याने त्यातील प्रत्येक चुकीच्या वाक्याला प्रमाणाबाहेर वजन येते.

म्हणून साधने नाकारणे परवडणारे नाही. त्यांच्या निकालांची भाषा मात्र बदलावी लागेल. आजची साधने संदर्भाला सबल किंवा दुर्बल ठरवतात. मराठीच्या दृष्टीने तिसऱ्या निकालाची नितांत गरज आहे, आणि तो म्हणजे ‘तपासता आले नाही’. छापील ग्रंथ समोर नाही, टंक वाचता येत नाही, शकाचे रूपांतर अनिश्चित आहे, असे कारण सांगून साधनाने थांबावे. अज्ञानाला संशयाचे रूप देऊ नये. हा तिसरा रकाना आरंभी सर्वांत मोठा असेल. पण तोच संशोधकांची कामाची यादी ठरेल. कोणते ग्रंथ आधी संगणकावर आणावेत आणि कोणत्या नियतकालिकांची सूची आधी करावी, हे त्यावरून ठरवता येईल.

उरलेले काम वाचकाचे आहे आणि ते पदव्युत्तर वर्गात शिकवता येण्याजोगे आहे. प्रत्येक तळटीपेला पाच प्रश्न विचारावेत : ती नेमक्या कोणत्या विधानासाठी आहे, स्रोतात ते विधान त्याच अर्थाने आहे का, ते स्रोताचे स्वतःचे आहे की उतरवलेले, ते कोणत्या काळाचे आहे, आणि त्याच्या विरुद्ध काय उपलब्ध आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना प्रतींच्या कुळांना हेच प्रश्न वेगळ्या रूपात विचारले होते. पाच प्रतींत एकच पाठ आढळला म्हणून तो पाच साक्षीदारांचा होत नाही, कारण त्या पाचही एकाच प्रतीवरून उतरलेल्या असू शकतात. ऑनलाइन संदर्भांनाही हा न्याय लागू आहे. अभ्यासासाठी एखादा महाग्रंथ हवा असेही नाही. पिंपळीसारख्या एका गावाची दहा वाक्यांची नोंद घेऊन विद्यार्थ्यांनी तिच्यातील प्रत्येक वाक्य जनगणनेच्या तक्त्यापर्यंत, गॅझेटियरपर्यंत किंवा ग्रामपंचायतीच्या दप्तरापर्यंत नेऊन पाहावे. काही वाक्ये टिकतील, काही गळतील, काहींपुढे ‘तपासता आले नाही’ असे लिहावे लागेल. तो शेरा कोणत्या वाक्यापुढे आणि का लिहावा लागला, याची नोंद ठेवणे हाच त्या अभ्यासाचा सर्वांत टिकाऊ भाग ठरेल.